फाटकाच्या आतली हाक

राजसी सहा वर्षांची होती. पहिलीच्या पहिल्या दिवशी विजयाबाई रणनवरे यांनी तिला हाताला धरून शाळेच्या लोखंडी फाटकापर्यंत आणले, तिथे तिचा हात सोडला आणि सांगितले, “इथपर्यंत मी तुझी आजी. फाटकाच्या आत मी बाई. सगळ्या मुलांची जी बाई, तीच तुझी. समजलं?”

“मधल्या सुट्टीतसुद्धा?” राजसीने विचारले.

“मधल्या सुट्टीतसुद्धा.”

“आणि पडले तर?”

“पडलीस तर उठायचं. मुख्याध्यापिकेची नात रडत बसत नाही.”

शिक्षकांच्या घरांत ही पद्धत जुनी आहे. विजयाबाईंच्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, फलटणात ही शाळा काढली तेव्हा त्यांचा स्वतःचा मुलगा वर्गात त्यांना ‘सर’ म्हणे आणि चुकला तर इतरांहून दोन छड्या जास्त खाई. विजयाबाईंनी छडी बंद केली, पद्धत ठेवली. तिच्या जोडीला आणखी एक नियम केला: शाळेचा विषय घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. मुख्याध्यापिकेच्या स्वयंपाकघरात कोणाची चहाडी शिजू नये, एवढाच त्यामागचा हेतू. दोन्ही नियम न्यायाचे होते आणि दोन्हींचा विजयाबाईंना अभिमान होता. राजसीचे आईवडील ती चार वर्षांची असतानाच अपघातात गेले होते. घरात माणसे दोनच, आजी आणि नात. त्यामुळे तर नियम अधिकच काटेकोरपणे पाळायला हवे, असे त्यांचे मत होते.

आठ वर्षांत राजसीने एकदाही नियम मोडला नाही. गुडघा फुटला त्या दिवशीदेखील ती कार्यालयाच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “बाई, रक्त येतंय.”

२०४३ च्या जूनमध्ये शाळेत चाहूल आली.

यंत्राचे सरकारी नाव लांबलचक होते. ‘चाहूल’ हे मुलांनी ठेवले आणि तेच रूढ झाले. देशात लागोपाठ तीन शाळांमध्ये मुलांनीच मुलांवर हल्ले केले होते. प्रत्येक वेळी तपासात एकच गोष्ट आढळली: खुणा आधीपासून दिसत होत्या, पण त्या सगळ्या एका ठिकाणी कोणीच पाहिल्या नव्हत्या. वहीतले वाक्य एका शिक्षकाला दिसले होते, वर्गातला अबोला दुसऱ्याला, रिकामी राहणारी शेजारची जागा तिसऱ्याला. त्या खुणा एकत्र पाहणारे यंत्र प्रत्येक शाळेत असावे, असा कायदा झाला.

चाहूल मनातले वाचत नसे. भूकंपमापक जमिनीच्या पोटात डोकावत नाही, वर येणारे कंप तेवढे टिपतो. तसेच हे होते. बाकांत बसवलेल्या लेखनपाट्या अक्षराचा दाब मोजत. छतातले ध्वनिग्राहक आवाजाची पट्टी आणि बोलण्यातले खंड मोजत. कोण कोणाशी बोलले, कोणाच्या हाकेला कोणी ओ दिली, यांचे धागे जोडून यंत्र प्रत्येक मुलाभोवती एक जाळे विणत असे. त्या साऱ्यातून शून्य ते शंभर असा एक धोकांक निघे. सत्तर ही मर्यादा. या गणितात सर्वांत अधिक वजन शिवीगाळीला नव्हते, रागालाही नव्हते. ते एकाच धाग्याला होते: हे मूल ज्याच्यापाशी मोकळे होते, असे एक तरी मोठे माणूस शाळेत आहे का? असेल तर मूल संतापते, बडबडते आणि निवते. नसेल तर संताप साचत राहतो. शास्त्र म्हणून यात खोट काढण्याजोगे काही नव्हते.

एक गोष्ट मात्र विजयाबाईंच्या ध्यानात यायला हवी होती, कारण त्यांनी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले होते. मर्यादा ओलांडलेल्या मुलाला शाळेतून हलवले जाई. हलवलेल्या मुलाच्या हातून शाळेत काही घडत नसे. आणि काही घडले नाही, म्हणजे यंत्राचे भाकीत अचूक होते, अशी नोंद होई. जो प्रयोग चुकूच शकत नाही तो प्रयोगच नव्हे, हे नववीच्या वर्गाला दर वर्षी पहिल्या तासाला त्या स्वतः सांगत.

नववीच्या मुलींनी मात्र आपला वेगळाच निष्कर्ष काढला होता. एकदा व्हरांड्यातून जाताना विजयाबाईंच्या कानावर तो पडला.

“ए, गप्प गं! चाहूल आली.”

“छतातली नुसती चिल्लर आहेत. मेन मशीन हिच्या घरी बसलंय. रात्री भाकरीबरोबर रिपोर्ट वाढतात.”

“राजसी, आज माझं नाव सांगशील ना? मी गणिताच्या तासाला जांभई दिली.”

हसण्याचा फवारा उडाला. डबा छातीशी धरून राजसी त्यांच्यामधून निघून गेली. मुलींची थट्टा, विजयाबाईंनी मनाशी म्हटले. घरी त्याविषयी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. उंबऱ्याचा नियम होता. त्या संध्याकाळी राजसी जेवायला बसली. विजयाबाईंनी तिच्या पानात तूप जरा जास्त वाढले.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळी शाळेचे समुपदेशक तन्मय कोष्टी कार्यालयात आले. तिशीतला, बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय असलेला माणूस. आज त्यांनी तो तीनदा पुसला.

“बाई, नववी ब. आकडा चौऱ्याहत्तर.”

“कोण?”

“आपण जरा बसून…”

“मी बसलेलीच आहे, कोष्टी. नाव सांगा.”

“राजसी.”

विजयाबाईंनी समोरच्या हजेरीपत्रकावरची सही पूर्ण केली, पेनाचे टोपण लावले आणि मगच हात पुढे केला. कोष्टींनी दिलेल्या पडद्यावर राजसीच्या पाटीवरचे एक पान होते. वळणदार, ठाशीव अक्षर. ते वळण विजयाबाईंनीच घोटून घेतले होते. पाच मुलींची नावे, आणि खाली: ‘एक दिवस ह्या पाचजणींना प्रयोगशाळेत कोंडीन आणि बाहेरून आग लावीन. मग कळेल, एकटं असलं की कसं वाटतं.’

“आणि तिच्या दप्तरात प्रयोगशाळेची किल्ली सापडली,” कोष्टी हळूच म्हणाले. “बाई, मुलं रागात काहीही लिहितात. धमकी देणं वेगळं आणि खरोखर धोका असणं वेगळं. माझं मत विचाराल तर हिला कोणीतरी जवळ घेऊन बोलायला हवंय. बस.”

कायद्यात त्याची सोय होती. आकडा सत्तरापुढे गेला की चोवीस तासांच्या आत मुलाच्या विश्वासातल्या एका मोठ्या माणसाने त्याच्याशी अर्धा तास बोलायचे. तिला ‘ओळखीची बैठक’ म्हणत. चाहूल ती ऐके. आकडा खाली आला तर मूल शाळेतच राही. न आला तर पुण्याच्या निरीक्षण शाळेत किमान वर्षभर रवानगी. पहिले तीन महिने कोणाची भेटही नाही.

“बैठकीला कोण हवं, ते तिनं लिहून दिलंय.” कोष्टींनी कागद पुढे केला. त्यावर दोनच शब्द होते: ‘माझी आजी.’

विजयाबाई त्या दोन शब्दांकडे पाहत राहिल्या. मग त्यांना कोमल जगदाळेची आई आठवली.

ऑगस्टमध्ये आठवीतल्या कोमलचा आकडा बाहत्तर आला होता. बांगड्यांची गाडी लावणारी तिची आई कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसून विनवत होती, “मला बसू द्या बाई तिच्यापाशी. माझ्याशी बोलंल ती.” कायद्याने तिला मनाई नव्हती. पण घरचे माणूस मुलाला पढवील आणि आकडा खोटा उतरेल, असे विजयाबाईंना वाटले; त्यांनी शाळेपुरता आपला एक जादा नियम केला, नातेवाइकाने बैठकीला बसायचे नाही. बैठकीला वर्गशिक्षिका बसल्या. आकडा बाहत्तरच राहिला आणि कोमल गेली.

“नातेवाइकानं बसायचं नाही,” विजयाबाई म्हणाल्या.

“तो आपला नियम आहे बाई, कायदा नाही! आज मोडा. हवं तर उद्या मी कोमलच्या आईची जाऊन माफी मागतो.”

“आणि गावानं काय म्हणायचं? जगदाळेची पोर गेली, रणनवऱ्यांची राहिली?” त्यांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. मग त्या उठल्या आणि पदर सारखा केला. “बैठकीला मी बसेन. पण मुख्याध्यापिका म्हणून.”

यात नियमही राहतो आणि मुलीजवळ आपणही असतो, असा तोडगा त्यांना सापडला होता. त्या तोडग्याचा त्यांना क्षणभर अभिमानही वाटला.

बैठक वाचनालयाशेजारच्या लहान खोलीत झाली. काचेपलीकडे कोष्टी पडदा घेऊन बसले होते, आणि त्यांच्या शेजारी पोलीस उपनिरीक्षक शबाना मुलाणी, कायद्याने आवश्यक म्हणून आलेल्या. विजयाबाई आत आल्या तेव्हा राजसी उठून उभी राहिली. वर्गात बाई आल्या की मुले उठतात, तशीच.

“बस. हे तू लिहिलंस?”

“हो, बाई.”

“का?”

राजसीने मान वर केली. तिने काचेकडे पाहिले, छताकडे पाहिले, मग टेबलावर ठेवलेल्या विजयाबाईंच्या हाताकडे पाहिले. त्या हातावर तिचे डोळे टिकले. आणि तिच्या तोंडून, अंगात ताप भरला की येतो तसा अगदी लहान आवाज आला.

“आजी.”

विजयाबाईंची बोटे टेबलावर तिच्या दिशेने सरकली.

“आजी, मी सगळं सांगते. तू फक्त इकडे ये ना. इथे, माझ्या शेजारी बस.”

टेबलाला वळसा घालायला चार पावले पुरली असती. पण काचेपलीकडे दोन माणसे पाहत होती, पायऱ्यांवर कोमलची आई अजून बसलेली होती, आणि भिंतीवरच्या तसबिरीतून आबासाहेब बघत होते. विजयाबाई ताठ बसल्या.

“राजसी, शाळेत मी बाई आहे.”

राजसीचा चेहरा बदलला नाही. मुसळधार पावसात घराची खिडकी आतून लावून घ्यावी, तेवढेच झाले.

“हो, बाई.”

“किल्ली कुठून आणलीस?”

“घेतली, बाई.”

“कोणाकडून?”

“मीच घेतली, बाई.”

“प्रयोगशाळेत काय करत होतीस?”

“काही नाही, बाई.”

उरलेला वेळ असाच गेला. अर्धा तास संपल्यावर कोष्टींनी दार उघडले. त्यांना आकडा सांगवेना. तो मुलाणींनी सांगितला. त्र्याऐंशी.

गाडी फाटकाबाहेर उभी होती. बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. सकाळची शाळा साडेबाराला सुटे. विजयाबाई व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर थांबल्या. राजसी मुलाणींबरोबर मैदान ओलांडून गेली, फाटकातून बाहेर पडली, आणि बाहेर पडताच थबकली. वळून उभी राहिली. फाटकापासून दोन हात पलीकडे, जिथे आठ वर्षांपूर्वी तिचा हात सुटला होता, बरोबर तिथे.

मुलाणी परत आत आल्या. “बाई, ती थांबलीय. गाडीत बसत नाही. मी पाच-दहा मिनिटं काढू शकते. तुम्ही या बाहेर.”

“तास चालू आहे, मॅडम. तास चालू असताना मुख्याध्यापिका फाटकाबाहेर जात नाही.”

“मलाही मुलगी आहे, बाई.”

“मग तिला शिस्त लावा.”

मुलाणी फाटकाकडे गेल्या. त्यांनी खरोखरच दहा मिनिटे काढली. राजसी उन्हात उभी होती, एका हातात दप्तर, नजर व्हरांड्याकडे. मग तिने दप्तर दुसऱ्या हातात घेतले आणि गाडीत बसली. साडेबाराची घंटा झाली तेव्हा विजयाबाई धावल्या. बासष्ट वर्षांच्या वयात, सगळ्या शाळेदेखत, पदर सांभाळण्याचे भान न ठेवता त्या मैदान ओलांडून फाटकाबाहेर गेल्या. रस्त्यावर उसाची एक रिकामी ट्रॉली तेवढी चालली होती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा पंचनामा करायचा म्हणून त्यांनी शिपाई हौसाताईंना बरोबर घेतले. प्रयोगशाळेत चाहूल बसवलेली नव्हती. आम्लांच्या वाफांनी ध्वनिग्राहक खराब होत. मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर पोळीचे तुकडे पडले होते, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. शेजारी स्टीलच्या डब्याचे झाकण होते. त्यावर कोरलेले नाव विजयाबाईंनी दुकानदारासमोर उभे राहून कोरून घेतले होते: कु. राजसी ह. रणनवरे.

“पोरगी हितं जेवायची,” हौसाताई म्हणाल्या. “आषाढापासनं.”

“चोरलेल्या किल्लीनं?”

“चोरली न्हाई, बाईसाहेब. म्या दिली. त्या पोरी गोल करून डबा खायाला बसायच्या, आन् ही गेली की समद्या उठून दुसरीकडं. ही एकटी मधी. म्हनलं, चल माज्यासंगं. म्या बी माजी भाकर घिऊन बसायची.”

“मग काल का नाही सांगितलंस?”

हौसाताईंनी झाडू भिंतीला टेकवला. बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी विजयाबाईंच्या डोळ्याला डोळा दिला.

“इचारलं का कुनी? तुमी इचारलं? त्या मशिनीनं इचारलं?”

विजयाबाई प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर बसल्या. “काय बोलायची ती?”

“तुमचंच की. आजी बेसनाचं लाडू लई भारी करती. ताप आला की आजी रातभर उशाशी बसती.” हौसाताईंनी पदराने नाक पुसले. “एकदाव म्हनली, हौसाताई, घरात शाळंचं बोलायचं न्हाई आन् शाळंत घरचं. मग मी बोलू कुटं?”

त्या दुपारी विजयाबाई स्वतः कोष्टींच्या खोलीत गेल्या. आजवर त्या कधी गेल्या नव्हत्या. माणसे त्यांच्याकडे येत.

“मला सगळं दाखवा.”

कोष्टींनी आधी राजसीचे जाळे दाखवले. मुलींकडे जाणारे धागे जुलैपासून एकेक तुटत गेले होते. मध्यभागी मुख्याध्यापिकेकडे जाणारा एक धागा होता, बारीक आणि राखाडी. त्याखाली यंत्राने लिहिले होते: ‘औपचारिक.’ विश्वासातले मोठे माणूस: ‘आढळले नाही.’

“तुम्ही दोघी एका घरात राहता हे कागदोपत्री होतं,” कोष्टी म्हणाले. “पण ते मोजतं कानांनी. आठ वर्षांच्या सवयीनं ती तुम्हाला बाई म्हणायची, तुम्ही तिला हजेरीतल्या नावानं हाक मारायचा. त्याला वाटलं, या मुलीचं इथं कोणीच नाही. हा एक धागा धरला असता तर आकडा पंचावन्नच्या वर जाताच ना.”

“आणि बैठक?”

“ते बघू नका, बाई.”

“दाखवा.”

आलेखाची रेघ चौऱ्याहत्तरावर सरळ चालली होती. सुरुवातीलाच एका ठिकाणी ती एकदम खाली कोसळली होती, अठ्ठावन्नपर्यंत. तळाशी जेमतेम टेकली आणि पुन्हा उसळून त्र्याऐंशीवर गेली. तिथून शेवटपर्यंत हलली नाही. त्या खळग्याची रुंदी कोष्टींनी बोटांत धरून मोठी केली. अकरा सेकंद.

“ती आजी म्हणाली तिथपासून,” ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

विजयाबाईंनी अर्ज केले. डब्याचे झाकण, हौसाताईंचा जबाब, आलेखाची प्रत, सारे जोडले. उत्तर आले की बैठक विद्यार्थिनीने निवडलेल्या व्यक्तीबरोबरच झाली असून निष्कर्ष शास्त्रशुद्ध आहे. नोव्हेंबरात त्या बाजारात गेल्या आणि बांगड्यांच्या गाडीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. कोमलच्या आईने त्यांच्याकडे पाहिले, एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवणे पुरे केले आणि म्हणाली, “तुमची कवा येणार?” वर्ष संपायच्या आत विजयाबाईंनी मुख्याध्यापिकेचे पद सोडले. निरोपाचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही.

पुण्याहून महिन्याला एक पत्र येई. वळणदार, ठाशीव अक्षर. मायना नेहमी तोच: ‘आदरणीय बाईंस, सा. न. वि. वि.’ घरच्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप लिहायचे आणि शाळेतल्यांना आदरणीय, हा फरक विजयाबाईंनीच तिला पाचवीत शिकवला होता. भेटीच्या दिवशी ती टेबलापलीकडे ताठ बसे आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देई.

राजसी चौदा महिन्यांनी परत आली. उंच झाली होती. केस कापलेले होते. विजयाबाईंनी रिक्षा बंगल्याच्या फाटकाशी नव्हे, थेट दाराशी आणवली. उंबऱ्यावर त्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रात्री अनेकदा घोकलेले वाक्य उच्चारले.

“राजसी, मी शाळा सोडली. आता मी कुठेच बाई नाही.”

“हो, बाई,” राजसी म्हणाली. “चपला इथेच काढू?”

दुपारी विजयाबाईंनी दोन ताटे वाढली. वरणभात, बटाट्याची भाजी, लिंबाचे लोणचे, आणि बेसनाचे लाडू. राजसीने आपले ताट उचलले, मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

विजयाबाईंनी भाताचे पातेले झाकले. मग त्यांनी आपले ताट घेतले, मागच्या खोलीच्या बंद दाराशी आल्या, आणि गुडघ्यांवर हात टेकत फरशीवर बसल्या. दाराला पाठ लावली.

“मुली तुला गोलात बसू देत नव्हत्या ना?” त्या म्हणाल्या. “सांग मला. शाळेचं सांग. जुलैपासून सांग. मी इथे बसले आहे, बाळा.”

आतला चमच्याचा आवाज थांबला. अकरा सेकंद गेले असतील, की अधिक. त्यांनी मोजले नाहीत, आणि तरीही मोजले.

“तुम्ही जेवून घ्या, बाई,” आतून आवाज आला. शांत, सौजन्याचा, कोणत्याही यंत्राला धोका आढळू नये असा. “भात गार होईल.”